साखर: खड्यांच्या नावाचा प्रवास

वैदिक यज्ञविधीत नव्या अग्नीची स्थापना करण्यापूर्वी काही ठरावीक वस्तू गोळा करून ठेवाव्या लागत. शतपथ ब्राह्मणात त्या वस्तू एकेक करून सांगितल्या आहेत: पाणी, सोने, खारी माती, उंदराने उकरलेली माती आणि शर्करा. आजचा वाचक येथे सहजच साखर वाचतो, परंतु ग्रंथाने पुढे दिलेली कथा वेगळेच सांगते. आरंभी ही पृथ्वी वाऱ्यावर हलणाऱ्या कमळाच्या पानासारखी डोलत होती, देवांनी शर्करा घालून तिला घट्ट बसवले, आणि म्हणून अग्नीच्या जागीही शर्करा घालावी, असा त्या कथेचा आशय आहे. डळमळती जमीन साखरेने घट्ट होणार नाही. ती खड्यांनी होते. 'शर्करा' या शब्दाचा मूळचा अर्थ हाच आहे: खडे, खडी, दगडाचे बारीक तुकडे.

जगातल्या कितीतरी भाषांत साखरेला जे नाव आहे, ते या एका शब्दापासून निघाले आहे, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला मात्र त्या शब्दाच्या पोटातला खडा अधिक महत्त्वाचा वाटतो. गोडी सांगणारे शब्द आपल्याकडे भरपूर होते. मधु होता, मधुर होते, स्वादु होते. तरीही या पदार्थाला नाव देताना लोकांनी चवीचा आधार घेतला नाही. बोटांना आणि दातांना जे जाणवले, ते त्यांनी सांगितले. हा शब्द पुढे कोठे गेला, कोठे पोहोचला नाही आणि कोठे त्याच्या जागी दुसराच आला, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या या जन्मखुणेकडे लक्ष ठेवावे लागते, असे माझे मत आहे.

खड्यांचा हा अर्थ केवळ यज्ञविधीपुरता नव्हता. पाणिनीने वाळू आणि शर्करा हे दोन शब्द एकाच सूत्रात शेजारी ठेवले आहेत, 'सिकताशर्कराभ्यां च', आणि लगेच पुढच्या सूत्रात अशा खडकाळ, रेताड प्रदेशाला लागणाऱ्या विशेषणांची व्यवस्था लावली आहे. 'शर्करिल' म्हणजे खड्यांनी भरलेला प्रदेश. जैन विश्वरचनेत पृथ्वीखाली सात भूमी मानल्या आहेत. त्यांतली पहिली रत्नप्रभा, दुसरी शर्कराप्रभा, तिसरी वालुकाप्रभा आणि चौथी पंकप्रभा. रत्ने, मग खडे, मग वाळू, मग चिखल, असा तो उतरता क्रम आहे. त्यातली दुसरी भूमी ही नरकभूमी आहे हे ठाऊक नसलेल्या वाचकाला तिचे नाव फार गोड वाटण्याची शक्यता आहे.

उसाचा रस माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, तेथून तो आशियात पसरला, आणि तो चोखून किंवा पिळून खाणे यात विशेष कौशल्य लागत नाही. रस आटवून घट्ट करणे ही दुसरी पायरी. तिच्यातून काकवीसारखा पाक मिळतो, आणखी आटवला की गूळ मिळतो. 'गुड' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ गोळा असा आहे, म्हणजे येथेही नाव आकारावरूनच पडले. पुढची पायरी मात्र अवघड आहे. रस तापवत असताना वर येणारी मळी सतत काढत राहावी लागते, पाक नेमका किती दाट झाला हे ओळखावे लागते, आणि मग तो हळूहळू थंड होऊ द्यावा लागतो. घाई केली तर सगळा पाक एकजीव गोळा होऊन बसतो. धीर धरला तर त्या तपकिरी चिकट राशीत कण धरू लागतात, ते वाढतात, त्यांना कडा येतात, आणि त्यांच्याभोवतीचा पातळ पाक निथळून गेला की उरतात ते सुटे, कोरडे, हाताला न चिकटणारे दाणे. जुन्या पद्धतीत हे निथळणे नीट व्हावे म्हणून राशीवर ओले पाणशेवाळ पसरत. त्यातले पाणी हळूहळू खाली झिरपे आणि दाण्यांवरचा उरलासुरला पाक धुऊन नेई. अशा राशीत पहिल्यांदा बोटे घालणाऱ्याला नदीकाठचे बारीक खडे आठवले असतील, तर त्यात नवल नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाची वर्गवारी देताना फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे पाच पदार्थ एका ओळीत येतात. हा क्रम काकवीपासून दाण्यापर्यंत चढत गेलेला आहे. चरकसंहितेतही मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा हीच मालिका आहे, आणि पदार्थ जितका निर्मळ तितका तो अधिक शीत, असा अभिप्राय तेथे दिला आहे. मत्स्यण्डिका या नावात माशांच्या अंड्यांचा भास आहे. अर्धवट कण धरलेल्या पाकाचे इतके अचूक वर्णन दुसऱ्या कोणत्या शब्दाने झाले असते, हे मला सुचत नाही. खण्ड म्हणजे तुकडा. शर्करा म्हणजे खडे. पाचांपैकी एकाही नावाचा भर गोडीवर नाही, कारण गोड तर पाचही होते, आणि ते तयार करणाऱ्यांना व साठवणाऱ्यांना एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखायचे होते.

आता ध्वनींकडे वळू. संस्कृत 'शर्करा' प्राकृतांत येताना 'श'चा 'स' झाला आणि 'र्क' या जोडाक्षरातला 'र' पुढच्या व्यंजनात विरून गेला. पाली भाषेत या शब्दाचे रूप 'सक्खरा' असे आहे, आणि तेथेही त्याचे खडे व साखर असे दोन्ही अर्थ नांदतात. पालीतला 'ख' नियमाने अपेक्षित नव्हता; इतर काही भाषांनी 'क'च राखला. गुजरातीत साकर आहे, कन्नडात सक्करे आहे. मराठीने मात्र 'ख' ठेवला, दुहेरी व्यंजन एकेरी केले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ केला. हस्ताचा हत्थ आणि हत्थाचा हात, कर्माचे कम्म आणि कम्माचे काम, तशीच शर्करेची सक्खर आणि सक्खरेची साखर.

हा 'ख' मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आणखी एका ठिकाणी भेटतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी द्रव्यांचा जो ग्रंथ लिहिला त्यात 'साक्खारोन' या द्रव्याची नोंद आहे. भारतात आणि दक्षिण अरबस्तानात बोरूंमध्ये सापडणारा हा एक प्रकारचा गोठलेला मध आहे, तो मिठासारखा दिसतो आणि मिठासारखाच दातांखाली फुटतो, असे तो सांगतो. त्याच सुमाराचा रोमन लेखक प्लिनी त्याला गोंदासारखा पांढरा आणि दातांखाली ठिसूळ म्हणतो, त्याचे मोठ्यात मोठे तुकडे हेझलनटाएवढे असतात असे लिहितो, आणि तो फक्त औषधासाठी वापरतात असेही नोंदवतो. तांबड्या समुद्रातून होणाऱ्या व्यापाराची माहिती देणाऱ्या एका ग्रीक नाविक मार्गदर्शिकेत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात तूप, तांदूळ, तिळाचे तेल यांच्याबरोबर 'साक्खारी नावाचा बोरूचा मध' आहे. ग्रीकांच्या कानांवर जे पडले ते संस्कृत रूप नव्हते. बंदरांत आणि बाजारांत बोलली जाणारी, पालीच्या जवळची कोणती तरी प्राकृत त्यांनी ऐकली, आणि तिच्यातला 'ख' त्यांनी आपल्या लिपीत जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे आज उच्चाराच्या दृष्टीने पाहिले तर मराठी 'साखर' ही संस्कृत 'शर्करा'पेक्षा ग्रीक 'साक्खारोन'ला अधिक जवळची ठरते.

या ग्रीक वर्णनांत आणखी एक गोष्ट लक्षात येते. नाव भारतीय आहे, पण स्पष्टीकरण मधाचे आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या हवाल्याने ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोनेही असेच लिहून ठेवले आहे, की या देशातले बोरू मधमाश्यांवाचून मध देतात. ज्यांना गोडी म्हणजे मध एवढेच ठाऊक होते त्यांना नव्या पदार्थाची ओळख मधाच्याच आधाराने करून घ्यावी लागली. पूर्वेकडे चिनी भाषेतही तसेच घडले, आणि तेथले उदाहरण मला सर्वांत सुंदर वाटते. चिनी ग्रंथांत घट्ट झालेल्या उसाच्या साखरेला 'शी-मी' म्हणत. 'शी' म्हणजे दगड आणि 'मी' म्हणजे मध, दगडी मध. 'मी' हा चिनी शब्द मध्य आशियातल्या तोखारी भाषेतून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोखारीत मधाला 'मित' म्हणत, आणि ते 'मित' आपल्या 'मधु'चे सख्खे भावंड आहे. म्हणजे 'शी-मी' या जोडशब्दाच्या एका अर्ध्या भागात शर्करेचा दगड आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात मधु आहे. दगडाची कल्पना चिनी लोकांनी स्वतः केली की भारतीय नावाचा अर्थ समजून घेऊन केली, हा प्रश्न येथे मोकळाच ठेवलेला बरा, कारण दातांखाली येणारा अनुभव दोन्हीकडे सारखाच होता.

चीनमध्ये नंतर रूढ झालेल्या 'शा-थांग' या नावातही 'शा' म्हणजे वाळू आहे, आणि तीच दोन चिन्हे जपानीत 'सातो' अशी वाचली जातात. तांग घराण्याच्या इतिहासात अशी नोंद आहे की मगधाहून ६४७ साली आलेल्या शिष्टमंडळानंतर सम्राट ताइझोंग याने साखर शिजवण्याची रीत शिकून घेण्यासाठी माणसे मगधात पाठवली, यांगझोऊहून ऊस मागवला, आणि त्यापासून तयार झालेली साखर रंगाने व चवीने मूळच्या साखरेपेक्षा सरस निघाली. एका राजसत्तेने पदार्थाची मागणी करण्याऐवजी कृती मागावी, ही घटना मला या सगळ्या इतिहासात कळीची वाटते. चीनने कृती घेतली, पण नाव आपल्या शब्दांतूनच घडवले. पाली धर्मग्रंथ जेथे पोहोचले त्या ब्रह्मदेशात मात्र 'सक्खरा'वरून घडलेला शब्द आजही रोजच्या वापरात आहे, आणि कंबोडियातल्या ख्मेर भाषेतला 'स्कर'ही याच कुळातला आहे.

पश्चिमेकडचा प्रवास फारसीतून झाला. फारसीने 'श' सोडला नाही. तेथे शब्द 'शकर' किंवा 'शेकर' असा आहे, आणि हिंदीतल्या 'शक्कर'च्या आरंभीचा 'श' याच फारसी रूपाच्या वजनामुळे टिकला. मराठीतही हे फारसी रूप एका वेगळ्याच वेषात वावरते. शंकरपाळ्यातला 'शंकर' हा मूळचा 'शकर' आहे. फारसी 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा, आणि ऐकणाऱ्याने ओळखीच्या नावाचा आधार घेऊन त्याला देवाचे नाव दिले. सासानी राजवटीत इराणच्या नैऋत्येला, खुजिस्तानात, ऊस पिकू लागला होता. बायझंटाइन सम्राट हेराक्लियस याने ६२७–२८ च्या मोहिमेत दस्तगिर्दचा राजवाडा लुटला, तेव्हा हाती लागलेल्या रेशीम, मिरी, आले अशा मौल्यवान वस्तूंच्या यादीत साखर होती. त्यानंतर काही वर्षांतच हा सारा प्रदेश अरबांच्या ताब्यात गेला, आणि फारसी 'शकर'चे अरबीत 'सुक्कर' झाले.

अरबांनी ऊस इजिप्तमध्ये नेला, उत्तर आफ्रिकेत नेला, सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेला. शब्द ज्या वाटेने युरोपात शिरला त्या वाटेची खूण त्याच्या अंगावर राहिली आहे. अरबीत निश्चितार्थाचे 'अल' हे उपपद नामाच्या आधी येते आणि 'स'पूर्वी त्याचा 'ल' लोपून 'अस्-सुक्कर' असा उच्चार होतो. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अरबी बोलणारे लोक शतकानुशतके शेजारी राहत होते, त्यामुळे तेथल्या लोकांनी उपपदासकट अख्खा शब्द उचलला: स्पॅनिशमध्ये 'आसुकार', पोर्तुगीजमध्ये 'असूकार'. इटलीचा संबंध मुख्यतः व्यापाराचा होता, आणि तेथे उपपद गळून 'झुक्केरो' झाले. कापसाच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. अरबी 'कुत्न'चे इटालियन 'कोतोने' झाले आणि स्पॅनिश मात्र 'आल्गोदोन' म्हणते. इटालियन रूपापासून फ्रेंच 'स्युक्र' आणि जर्मन 'त्सुकर' निघाले, जर्मनवरून पोलिश 'त्सुकियेर' आणि चेक 'त्सुकर', आणि फ्रेंचवरून इंग्रजी 'शुगर'. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२२६ साली विंचेस्टरच्या महापौराला निरोप पाठवला होता, की जत्रेतल्या व्यापाऱ्यांकडे एका वेळी एवढी मिळत असेल तर आपल्यासाठी अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर घ्यावी. राजालाही तीन पौंड मिळण्याची खात्री नव्हती, एवढी ती वस्तू तेव्हा दुर्मीळ होती.

इंग्रजी 'शुगर'मधला 'श' ऐकून अनेकांना वाटते की संस्कृत 'शर्करा'चा 'श' तेथे जिवंत राहिला. तसे झालेले नाही. अरबीत तो 'स' झाला होता, फ्रेंचमध्येही 'स'च होता, आणि इंग्रजीत पुढच्या स्वराच्या ओढीने तो पुन्हा 'श' झाला. 'शुअर' या शब्दातही नेमके तेच घडले आहे. दोन हजार वर्षांच्या अंतराने तोच ध्वनी योगायोगाने परत आला, एवढेच म्हणता येते. लिंगाची गोष्टही अशीच ऐकण्यासारखी आहे. मराठी साखर स्त्रीलिंगी राहिली, तर अरबीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये आणि रशियनमध्ये ती पुल्लिंगी आहे. स्पॅनिशमध्ये तर दोन्ही लिंगे चालतात आणि एकाच वाक्यांशात पुल्लिंगी उपपद व स्त्रीलिंगी विशेषण सुखाने एकत्र येतात.

युरोपात या शब्दाच्या दोन वाटा झाल्या, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एक वाट व्यापाऱ्यांची, अरबीतून आलेली. दुसरी वैद्यांची आणि ग्रंथांची, ग्रीकमधून आलेली. बायझंटाइन ग्रीकमधून रशियनने 'साखर' हा शब्द घेतला. रशियन माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा, पहिल्या स्वरावरचा आघात सोडला, तर मराठी कानाला त्यात परके असे काही वाटत नाही. बल्गेरियन आणि रुमानियन यांनीही ग्रीकचाच रस्ता धरला. रशियनची सख्खी शेजारीण असलेली युक्रेनियन मात्र 'त्सुकोर' म्हणते, कारण तिच्याकडे हा शब्द जर्मन आणि पोलिशमार्गे पोहोचला. सर्बियनमध्ये 'शेचेर' आहे, तो तुर्की 'शेकेर'वरून. दोन बहिणभाषांमधल्या साखरेच्या नावांतला फरक पाहून त्यांचा व्यापार कोणाशी होता हे सांगता येते.

आता 'खण्ड' या भावंडाकडे वळायला हवे. त्यानेही तितकाच लांबचा पल्ला गाठला आहे. फारसीत त्याचे 'कंद' झाले, अरबीत 'कंद' आणि 'कंदी', आणि तेथून इटालियन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कॅंडी'. आजच्या फारसीत या दोन भारतीय शब्दांनी कामे वाटून घेतली आहेत. सुट्या दाण्यांची ती 'शेकर' आणि ढेपेची किंवा वड्यांची ती 'कंद'. तुकडा आणि खडा हा जुना भेद तेथे अजून शाबूत आहे. मराठीत 'गुलकंद' या शब्दात हाच 'कंद' आहे. गुल म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि कंद म्हणजे साखर. जमिनीखालच्या कंदाशी त्याचा काही संबंध नाही. चौदाव्या शतकातला शिराजचा कवी हाफिज आपल्या एका गझलेत म्हणतो, की ही फारसी कंद आता बंगालकडे निघाली आहे आणि तिच्यामुळे हिंदुस्थानातले सगळे पोपट साखर फोडू लागतील. त्या दोन ओळींत 'शकर'ही आहे आणि 'कंद'ही आहे, आणि दोन्ही शब्द ज्या देशातून गेले होते त्याच देशाकडे तो ती भेट म्हणून पाठवतो आहे. शब्द परके वाटेनासे झाले की त्यांचे काय होते, हे याहून चांगले दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

उलट दिशेनेही असेच घडले. उत्तर भारतातल्या अनेक भाषांत रोजच्या साखरेला 'चीनी' म्हणतात, म्हणजे चीनची. आणि खडीसाखरेला 'मिस्री' म्हणतात, म्हणजे मिसरची, इजिप्तची. ज्या भूमीने जगाला साखरेचा शब्द दिला तिने आपल्या साखरेला दोन परदेशांची नावे दिली. मी याचा अर्थ असा लावतो की दाणा घडवण्याच्या कृतीत त्या त्या देशांनी जी सुधारणा केली तिची ही पावती आहे: अधिक शुभ्र दाणा आला तेव्हा त्याला नवे नाव मिळाले, अधिक मोठा स्फटिक आला तेव्हा त्यालाही मिळाले. अशा ठिकाणी जुना शब्द मरत नाही, तो एक पायरी खाली सरकतो. सिंहली भाषेत साखर 'सीनी' झाली आणि 'सक्खरा'वरून आलेला 'हकुरु' गुळासाठी उरला. सिंहलीत 'स'चा 'ह' होतो, म्हणून रूप ओळखू येत नाही इतकेच. मल्याळममध्येही 'शर्क्करा' म्हणजे गूळ. हेच दाक्षिणात्य रूप पोर्तुगीजांच्या कानी पडले, त्याचे 'जागरा' झाले आणि इंग्रजीत ते 'जॅगरी' म्हणून स्थिरावले. इंग्रजीत साखर आणि गूळ यांची नावे वेगवेगळ्या समुद्रमार्गांनी आली, पण मूळ दोघांचेही शर्करा हेच आहे. याच्या बरोबर उलट मलाय आणि इंडोनेशियन भाषांत झाले. तेथे साखरेला 'गुला' म्हणतात आणि तो आपला 'गुड' आहे.

मराठीने हे थर जपून ठेवले आहेत. 'खडा' आणि 'खडी' हे शब्द ज्या कानाला परिचित आहेत त्याला 'खडीसाखर' म्हणजे खड्यांची साखर असेच ऐकू येते, म्हणजे व्युत्पत्ती जाणणाऱ्याच्या दृष्टीने खड्यांचे खडे. तुकारामांच्या अभंगातल्या मुंगीला मिळतो तो साखरेचा 'रवा', आणि रवा हाही कणाचाच शब्द. 'साखरझोप' किंवा 'साखरपेरणी' अशा शब्दांत मात्र दाणा पूर्णपणे विरघळला आहे आणि गोडीच उरली आहे. एका स्पर्शाच्या शब्दाचा असा चवीचा शब्द होणे हा अर्थबदल मोठा आहे, आणि तो इतक्या सावकाश झाला की कोणालाही तो झाल्याचे जाणवले नाही.

ब्राझीलमध्ये तो बदल उलटा फिरलेलाही पाहायला मिळतो. पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यांत ओतून निथळवीत आणि शंकूच्याच रूपात विकत. रिओ दि जानेरोच्या खाडीच्या तोंडाशी असलेला ३९६ मीटर उंचीचा उघडाबोडका खडक पोर्तुगीजांना अशाच शंकूसारखा दिसला, आणि त्यांनी त्याला 'पांव दि असूकार', साखरेची ढेप, असे नाव दिले. खड्याचे नाव साखरेला मिळाले होते. येथे साखरेचे नाव एका अखंड खडकाला मिळाले.

विज्ञानाने वैद्यांची वाट धरली, हे साहजिकच होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ साली उसाला 'सॅकॅरम ऑफिसिनॅरम' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातले पहिले पद ग्रीक रूपावरून आले आहे, आणि दुसरे औषधांच्या दुकानाशी संबंधित आहे, कारण युरोपला साखर प्रथम औषध म्हणून माहीत झाली होती. नदीकाठी वाढणारे कासाचे गवतही याच 'सॅकॅरम' प्रजातीत येते. किण्वाला, म्हणजे यीस्टला, 'सॅकॅरोमायसिस' म्हणजे शर्करेची बुरशी असे नाव आहे. रसायनशास्त्रातल्या 'पॉलिसॅकराइड' या गटात स्टार्च येतो आणि सेल्युलोजही येतो, म्हणजे कापसाचा धागा आणि लाकूड यांचीही गणना नावापुरती का होईना शर्करांच्या साखळ्यांत होते. बाल्टिमोर येथे आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना १८७९ साली डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर प्रयोग करताना हाताला लागलेली एक विलक्षण गोडी जाणवली, आणि त्या पदार्थाचे नाव 'सॅकरीन' ठेवण्यात आले. त्यात ऊस नव्हता, आणि साखरही नव्हती. हाताला आणि दाताला जे जाणवले त्यावरून जन्मलेला हा शब्द येथे निव्वळ चवीचा होऊन बसला.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वैद्यकातल्या 'शर्करा' या शब्दाची. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या, म्हणजे अश्मरीच्या, प्रकरणात 'शर्करा' येते ती मूत्रातून पडणाऱ्या बारीक खड्यांच्या अर्थाने. गोड मूत्राच्या विकाराला त्या परंपरेने मधाचे नाव दिले, मधुमेह. आजच्या मराठीत रक्तातल्या ग्लुकोजला आपण 'रक्तशर्करा' म्हणतो आणि लघवीच्या तपासणीतही 'शर्करा' लिहितो, त्यामुळे जुना ग्रंथ वाचणाऱ्याला मुतखड्याच्या जागी मधुमेह दिसण्याचा धोका खरोखरच आहे. मी तरी अशा ठिकाणी आजूबाजूचे शब्द आधी पाहतो. जवळपास अश्मरी, सिकता (वाळू), बस्ती (मूत्राशय) असे शब्द असतील तर तेथे खडे समजावेत. इक्षु (ऊस), गुड, खण्ड असे शब्द असतील तर साखर समजावी. आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर त्या ग्रंथाच्या जुन्या भाष्यकाराने काय म्हटले आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.